शाश्वत बांधकामाची सुरुवात कुठून करावी? या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

शुद्ध चुनखडीचा शंभर ग्रॅमचा खडा भट्टीत पूर्ण भाजला, तर मागे ५६ ग्रॅम चुना उरतो आणि बाकीचे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत मिसळतात. भट्टी कोळशावर चालवली काय किंवा सौर विजेवर चालवली काय, हे ४४ ग्रॅम चुकत नाहीत, कारण ते इंधनातून येत नसून दगडातूनच येतात. सिमेंटचा मुख्य घटक असलेले क्लिंकर याच चुनखडीपासून, मातीच्या सोबतीने, सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला तयार होते. एक टन क्लिंकर बनताना केवळ या रासायनिक क्रियेतून साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि इंधनाचा भाग त्यावर वेगळा असतो. माणसाच्या उद्योगांतून जगभर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. म्हणून नव्या अभियंत्याने, वास्तुविशारदाने किंवा कंत्राटदाराने शाश्वततेचा विचार गच्चीवरच्या सौर पॅनेलपासून सुरू न करता या आकड्यापासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

पुढील पायऱ्यांचा क्रम जाणीवपूर्वक ठेवला आहे. आधी मोजावे, मग कमी करावे आणि त्यानंतर साहित्य किंवा पद्धत बदलावी. हा क्रम उलटला की नवे, महाग आणि ‘हरित’ म्हणून विकले जाणारे साहित्य गरजेपेक्षा जास्त वापरले जाते आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो.

पहिली पायरी: इमारतीचा कार्बन मोजायला शिका

इमारतीचा कार्बन दोन खात्यांत मांडला जातो. साहित्य तयार करणे, ते साइटवर आणणे, बांधणे, दुरुस्त करणे आणि शेवटी पाडणे यांतून जो बाहेर पडतो त्याला अंतर्भूत कार्बन म्हणतात, तर दिवे, पंखे, वातानुकूलन, पाणी तापवणे आणि लिफ्ट यांसाठी वर्षानुवर्षे लागणाऱ्या ऊर्जेतून जो बाहेर पडतो तो वापरातील कार्बन होय. दोन्ही खात्यांत एक फरक आहे आणि तो नवख्या माणसाच्या लक्षात सहसा येत नाही. वापरातील कार्बन पुढे उपकरणे बदलून किंवा वीज स्वच्छ झाल्यावर कमी करता येतो, परंतु अंतर्भूत कार्बनचा मोठा भाग ताबा मिळण्याच्या दिवशीच हवेत गेलेला असतो आणि तो परत आणता येत नाही.

हा हिशेब ठेवण्याची युरोपीय मानकांतील पद्धत बरीच रुळली आहे. तीत ए१ ते ए३ म्हणजे कच्चा माल आणि कारखाना, ए४ म्हणजे वाहतूक, ए५ म्हणजे प्रत्यक्ष बांधणी, बी म्हणजे वापराचा काळ, सी म्हणजे पाडकाम व विल्हेवाट, आणि डी म्हणजे पाडल्यानंतर साहित्य पुन्हा उपयोगी पडण्याचा संभाव्य लाभ. विक्रेत्याने सांगितलेला आकडा यांपैकी नेमक्या कोणत्या टप्प्यांचा आहे, हे पहिल्याच भेटीत विचारावे. एकाने फक्त कारखान्यापर्यंतचा आकडा दिला आणि दुसऱ्याने वाहतुकीसह दिला, तर ती तुलना निरर्थक ठरते. साहित्याचे पर्यावरणीय उत्पादन घोषणापत्र, म्हणजेच ईपीडी, उपलब्ध असेल तर तेच मागावे. ते त्रयस्थाने तपासलेले आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे.

सुरुवातीला महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. परिमाणपत्रकात काँक्रीट किती घनमीटर, सळई किती टन आणि विटा किती हे लिहिलेलेच असते. त्याशेजारी एक रकाना वाढवावा आणि प्रत्येक बाबीला तिच्या प्रति किलो किंवा प्रति घनमीटर उत्सर्जनाने गुणावे. पहिला तक्ता हातानेच करावा, असा माझा आग्रह असतो, कारण बेरीज करताना पाया, स्लॅब आणि सळई यांचे आकडे बाकी सगळ्यावर कसे मात करतात ते डोळ्यांना दिसते. दाराच्या मुठी कोणत्या धातूच्या असाव्यात यावर तासभर चालणारी चर्चा त्यानंतर आपोआप थांबते.

दुसरी पायरी: नवे बांधायलाच हवे का, हे आधी ठरवा

जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव समोर आला, की पहिला प्रश्न जुन्या सांगाड्याचा असावा. पाया, कॉलम, बीम आणि स्लॅब यांतच बहुतेक अंतर्भूत कार्बन अडकलेला असतो. तो सांगाडा शाबूत असेल, तर गिलावा, खिडक्या, जलवाहिन्या आणि विजेचे काम बदलून इमारतीला नवे आयुष्य देता येते. फ्रान्समधील आन लाकातों आणि झाँ-फिलिप वासाल या वास्तुविशारद जोडीने हीच भूमिका आयुष्यभर लावून धरली. बोर्दो येथील ग्राँ पार्क वसाहतीतील ५३० घरे त्यांनी पाडली नाहीत. इमारतींना बाहेरून प्रशस्त काचबंद सज्जे जोडून ती मोठी आणि उजेडाची केली, आणि हे काम चालू असताना रहिवाशांना घर सोडावे लागले नाही. या जोडीला वास्तुकलेतील मानाचे प्रित्झकर पारितोषिक २०२१ मध्ये मिळाले.

अर्थात प्रत्येक जुनी इमारत वाचवण्याजोगी नसते. संरचना परीक्षण करून घ्यावे. काँक्रीटचे नमुने काढून ताकद तपासावी, कार्बोनेशन (हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचे सळईला गंजापासून वाचवणारे गुण कमी होणे) किती खोल गेले आहे ते पाहावे आणि सळया गंजल्या असतील तर किती व कुठे याची नोंद घ्यावी. या अहवालाआधी पाडण्याचा निर्णय झालेला असेल, तर तो निर्णय अपुऱ्या माहितीवर झाला आहे, हे मालकाला स्पष्ट शब्दांत सांगण्याचे धैर्य नवख्या अभियंत्यानेही दाखवावे.

तिसरी पायरी: साहित्य बदलण्यापूर्वी साहित्य कमी करा

एक साधा हिशेब करून पाहू. १००० चौरस मीटरचा स्लॅब १५० मिलिमीटर जाडीचा आहे आणि काँक्रीटमध्ये दर घनमीटरला ३५० किलो साधे पोर्टलंड सिमेंट आहे, असे धरू. काँक्रीट १५० घनमीटर लागेल आणि सिमेंट ५२,५०० किलो. एक किलो सिमेंटमागे सुमारे ०.८५ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हा आकडा जवळपास ४४.६ टन होतो. आता संरचना अभियंत्याने बीम आणि कॉलममधील अंतरे नीट आखून तोच स्लॅब १२५ मिलिमीटरमध्ये बसवला, तर काँक्रीट १२५ घनमीटरवर येते आणि सिमेंट ८७५० किलोने कमी होते, म्हणजे ५० किलोच्या १७५ गोण्या वाचतात आणि त्यांच्याबरोबर सुमारे ७.४ टन कार्बन डायऑक्साइड टळतो. त्यापुढे जाऊन उरलेल्या सिमेंटपैकी ३० टक्क्यांच्या जागी फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, वापरली, तर सिमेंट ३०,६२५ किलोवर आणि उत्सर्जन साधारण २६ टनांवर येते. सुरुवातीच्या तुलनेत ही सुमारे ४२ टक्के घट झाली. बीम आणि कॉलममध्ये वाढलेले काँक्रीट यातून वजा करावे लागते आणि फ्लाय अॅशचे स्वतःचे थोडे उत्सर्जन मिळवावे लागते, तरीही दिशा स्पष्ट होते.

जाडी कमी करणे हे साइटवर ठरवण्याचे काम नाही. स्लॅबचा झोल, कंपने, आगीपासूनचे संरक्षण आणि सळईवरील कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, हे सर्व तपासल्याशिवाय एक मिलिमीटरही कमी करू नये. परंतु आराखड्याच्या पहिल्या आठवड्यात संरचना अभियंत्याला बोलावले, तर हे सहज शक्य असते. वास्तुविशारदाचे नकाशे मंजूर झाल्यावर बोलावले, तर त्याच्या हातात फारसे काही उरलेले नसते. या क्षेत्रातील सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे ही बैठक लवकर घेणे.

भिंतींतही अशी बचत होते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये लोकप्रिय केलेल्या रॅट-ट्रॅप बाँड या वीटरचनेत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचतात, त्यामुळे भिंतीच्या आत पोकळी राहते, विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीतील हवेमुळे उष्णताही अडते. यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागतो तो सांधे नीट भरणारा गवंडी आणि एकसारख्या मापाच्या विटा.

चौथी पायरी: सिमेंटला पर्याय निवडा, पण साइटवर जपून वापरा

क्लिंकरचा काही भाग बदलण्यासाठी औष्णिक वीज केंद्रांतील फ्लाय अॅश आणि लोखंडाच्या झोतभट्टीतील दळलेली स्लॅग हे दोन पदार्थ अनेक वर्षे वापरात आहेत. मात्र दोन्हींचे उगम कायमचे नाहीत. कोळशावरची केंद्रे आणि झोतभट्ट्या कमी होत जातील तसा त्यांचा पुरवठाही आटेल. त्यामुळे एलसी३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिमेंटकडे मी अधिक आशेने पाहतो. त्यात साधारण निम्मे क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडीची पूड आणि ५ टक्के जिप्सम असते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रज्ञान संस्था, क्युबातील संशोधक आणि दिल्ली व मद्रास येथील आयआयटी यांनी ते विकसित केले. योग्य चिकणमाती जगात विपुल आहे आणि ती ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली तरी पुरते. शिवाय चुनखडीसारखा दगडातला कार्बन तिच्यातून बाहेर पडत नाही.

आता या पायरीचा साइटवरचा भाग. मिश्र सिमेंटचे काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरते. सात दिवसांच्या क्यूबचा, म्हणजे ताकद तपासण्यासाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा, आकडा पाहून घाबरू नये आणि शटरिंगही, म्हणजे काँक्रीटला आधार देणारा साचाही, जुन्या सवयीने लवकर काढू नये. स्वीकृतीसाठी २८ दिवसांऐवजी ५६ दिवसांची चाचणी चालेल का, हे करारातच लिहून घ्यावे. क्युरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यात, हयगय केली तर या काँक्रीटचे नुकसान साध्या काँक्रीटपेक्षा जास्त होते. ओले गोणपाट दिवसभर ओले राहिले पाहिजे. सकाळी भिजवून दुपारी वाळलेले गोणपाट उलट काँक्रीटमधला ओलावाच शोषून घेते.

मी पाहिलेल्या एका कामावर फ्लाय अॅशच्या काँक्रीटचे क्यूब कमी ताकदीचे निघाले आणि दोष फ्लाय अॅशला दिला गेला. चौकशीत कळले, की काँक्रीट ओतताना जड वाटले म्हणून मिक्सरच्या ड्रममध्ये पाइपने पाणी सोडले जात होते. पाणी आणि सिमेंट यांचे गुणोत्तर वाढले की ताकद घटते, हे अमेरिकी संशोधक डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्येच मांडले होते. म्हणून नवख्या माणसाने ओले काँक्रीट किती सैल आहे हे दाखवणारी स्लम्प चाचणी स्वतःच्या हातांनी करायला शिकावे. ३०० मिलिमीटर उंचीचा, खाली २०० आणि वर १०० मिलिमीटर व्यासाचा साचा ओलसर करून सपाट पत्र्यावर ठेवावा, दोन्ही पायांनी त्याच्या कडा दाबून धराव्यात, काँक्रीट तीन थरांत भरावे आणि प्रत्येक थराला १६ मिलिमीटरच्या सळईने २५ वेळा टोचावे. वरचा भाग सपाट करून साचा न हिसकता सरळ वर उचलावा. काँक्रीट जितके बसेल तितका स्लम्प. हा आकडा मिश्रणाच्या आराखड्यातील मर्यादेपेक्षा जास्त आला, तर गाडी उतरवून घेऊ नये. काँक्रीट सैल हवे असेल तर पाणी न वाढवता ते सैल करणाऱ्या प्लास्टिसायझर या रसायनाचे प्रमाण प्रयोगशाळेत ठरवून घ्यावे आणि पाण्याचा पाइप मिक्सरपासून दूर ठेवावा.

राडारोड्यापासून केलेल्या खडीचीही एक खोड आहे. तिला जुना मसाला चिकटलेला असल्यामुळे ती जास्त पाणी पिते आणि मिश्रण अचानक घट्ट होते. तिचे पाणीशोषण मोजावे आणि ती आधी भिजवून घ्यावी. पहिला वापर पायाखालच्या पीसीसीत (सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये) किंवा रस्त्याच्या भरावात करावा आणि अनुभव आल्यावर, मानकांच्या मर्यादेत, संरचनात्मक कामाकडे वळावे.

लाकडाबद्दल थोडेसे. लाकडाचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून केलेल्या सीएलटी पाट्यांनी उंच इमारतींचा मार्ग खुला केला आहे. नॉर्वेतील म्योस्तोर्नेत ही १८ मजली, ८५.४ मीटर उंचीची लाकडी इमारत २०१९ मध्ये पूर्ण झाली. पण तिच्या वरच्या सात मजल्यांचे तळ मुद्दाम काँक्रीटचे केले आहेत, कारण हलकी इमारत वाऱ्यात जास्त डुलते आणि वरच्या वजनामुळे तो झोका मंदावतो. साहित्याची निवड कशी करावी याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही. लाकूड वापरायचे असेल, तर ते पुन्हा लागवड होणाऱ्या जंगलातून आले आहे याचे प्रमाणपत्र घ्यावे. नाहीतर सगळा हिशेब पोकळ ठरतो.

पाचवी पायरी: यंत्रांआधी भिंती, छत आणि खिडक्या

वापरातील ऊर्जा कमी करण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी इमारतीची दिशा आणि सावली, मग छताचे व भिंतींचे उष्णतारोधन, मग हवाबंद सांधे, त्यानंतर कार्यक्षम यंत्रे आणि शेवटी सौर पॅनेल. जर्मनीतील डार्मश्टाट येथे १९९०-९१ मध्ये उभ्या राहिलेल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसने, म्हणजे अत्यल्प ऊर्जेवर चालणाऱ्या घराने, दाखवले, की घर तापवण्याची गरज वर्षाला प्रति चौरस मीटर १५ किलोवॉट-तासांच्या आत आणता येते. थंड हवामानातील हा निकष उष्ण प्रदेशात जसाच्या तसा नेऊ नये. तिथे छतावरचे ऊन आणि पश्चिमेच्या खिडक्या आधी सांभाळाव्यात. प्रदेश कोणताही असला, तरी नकाशावर लिहिलेले उष्णतारोधन साइटवर सलग बसले आहे का, हे गिलावा चढण्यापूर्वी स्वतः पाहावे. बीमच्या कडेला राहिलेली हाताएवढी फट पुढे ओल आणि बुरशी यांच्या रूपाने समोर येते.

सहावी पायरी: नवे तंत्रज्ञान पारखून घ्या

नावीन्याबद्दल मला मनापासून आस्था आहे आणि म्हणूनच त्याच्या चुका नवख्यांनी वाचाव्यात असे वाटते. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या नव्याकोऱ्या २२ मजली इमारतीत एका घरात गॅसचा स्फोट झाला आणि कारखान्यात तयार झालेल्या भारवाही भिंतींनी उभी राहिलेली इमारतीची संपूर्ण कडा वरपासून खालपर्यंत कोसळली. चार जणांचा मृत्यू झाला. एक भिंत निखळली तर भार पेलायला दुसरा मार्गच नव्हता. प्रीफॅब बांधकामात जोड किती महत्त्वाचे असतात, हे त्या दिवसाने शिकवले. १९५० ते १९९० च्या दशकांत ब्रिटनमध्ये वापरलेल्या आरएएसी या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या छतपाट्याही त्या काळी सोय म्हणूनच आल्या होत्या. २०२३ मध्ये त्या कोसळण्याच्या भीतीने इंग्लंडमधील शंभरहून अधिक शाळांना इमारती पूर्णतः किंवा अंशतः बंद कराव्या लागल्या. २०१७ मध्ये लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. नूतनीकरणात बाहेरून लावलेल्या आवरणाच्या पाट्यांचा गाभा ज्वलनशील प्लास्टिकचा होता.

त्यामुळे कोणतेही नवे उत्पादन स्वीकारण्यापूर्वी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: पूर्ण जोडणीसह झालेल्या अग्निचाचणीचा अहवाल, पाणी आणि ओलावा यांना ते कसे तोंड देते याचे पुरावे, ते खराब झाल्यास दुरुस्त कसे करायचे याची पद्धत, आणि वीस वर्षांनी त्याची तपासणी कशी करता येईल याचे उत्तर. चौथा प्रश्न विचारल्यावर बहुतेक विक्रेते गप्प होतात, आणि ती शांतता तुमच्यासाठी उपयोगाची माहिती असते. त्यानंतर पूर्ण काम न देता एका खोलीचा किंवा एका भिंतीचा नमुना बांधून घ्यावा, त्यावर पाणी मारून पाहावे आणि एक ऋतू जाऊ द्यावा.

काही साधने मात्र लगेच उपयोगी पडतात. बीआयएम, म्हणजे इमारतीचे माहितीसह केलेले त्रिमितीय प्रतिरूप, नीट वापरले तर वातानुकूलनाची नळी आणि बीम यांची टक्कर संगणकावरच दिसते आणि ओतलेले काँक्रीट फोडण्याची वेळ येत नाही. त्रिमितीय छपाईने घर उभारण्याचे प्रयोगही पुढे सरकत आहेत, आणि नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे अशा घरात २०२१ पासून भाडेकरू राहू लागले. परंतु छपाईच्या मसाल्यात सिमेंटचे प्रमाण बहुधा जास्त असते. वेळ आणि शटरिंग वाचले म्हणजे कार्बनही वाचला असे गृहीत न धरता पहिल्या पायरीतला तक्ता इथेही भरावा.

सातवी पायरी: साइटवरचा कचरा आणि भविष्यासाठीच्या नोंदी

सळईचे तुकडे, फुटक्या विटा, उरलेला मसाला आणि पॅकिंगचे प्लास्टिक एकाच ढिगात गेले, की त्यांची किंमत शून्य होते. काम सुरू होण्याच्या दिवशीच वेगवेगळे कप्पे आखावेत आणि त्यांवर चित्रांसह पाट्या लावाव्यात, कारण साइटवर काम करणारे सगळेच एक भाषा वाचतात असे नाही. सळई कापण्याचे वेळापत्रक आधी केले, तर १२ मीटरच्या सळईतून कोणते तुकडे निघतील हे ठरवता येते आणि भंगार घटते. कप्प्यांची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर द्यावी. सर्वांवर सोपवलेले हे काम कोणीच करत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे.

इमारत एक दिवस सुटी करावी लागणार आहे हे मनात धरून जोड निवडावेत. वेल्डऐवजी बोल्ट, सिमेंटच्या मसाल्याऐवजी चुन्याचा मसाला आणि चिकटवलेल्या फरशीऐवजी उचलता येणारी फरशी वापरली, तर पुढची पिढी ते साहित्य अखंड काढू शकते. चुन्याच्या मसाल्यातील वीट साफ होऊन पुन्हा वापरता येते, तर कडक सिमेंटमधली वीट बहुधा फुटूनच निघते.

हे सारे नोंदवून ठेवले नाही, तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभियंत्याला ते कळण्याचा मार्ग राहणार नाही. प्रत्येक स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांची छायाचित्रे मोजपट्टी दिसेल अशी घ्यावीत. त्यांसोबत काँक्रीटच्या मिश्रणाचा आराखडा, क्यूबचे निकाल, सळईच्या गाड्यांची प्रमाणपत्रे आणि प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे दुरुस्त केलेले नकाशे एका फाइलमध्ये तारखेनुसार लावावेत. या फाइलची एक प्रत मालकाकडे आणि एक संरचना अभियंत्याकडे द्यावी, आणि दर मजल्याचा गिलावा सुरू होण्याआधी त्या मजल्याची पाने तिच्यात लागलेली असावीत.